चाकाची माती

घट बसायच्या आधी दोन दिवस
मी वनखात्याच्या फाटकाशी जाऊन उभी राहते,
हातात डालड्याचा रिकामा डबा आणि उलथनं.

आत जायला तिकीट पडतं. माणशी, गाडीमागे, कॅमेऱ्याला वेगळं.
आतून पानसुद्धा बाहेर न्यायचं नाही अशी पाटी आहे,
पाटीवर वाघ आहे, वाटोळ्या डोळ्यांचा.
चिखलाचं काय करायचं
ते मात्र पाटीला सुचलेलं नाही.

साडेपाचला शौकतभाईची जीप बाहेर येते,
मागे पुण्याची माणसं, कुणाला गवा दिसलेला,
कुणाला तोही नाही.
तो गाडी कडेला घेतो, बोनेट उघडून उगाच आत बघत राहतो.
तेवढ्यात मी चाकाशी उकिडवी बसते.
मडगार्डच्या आतला थर जाड असतो.
"आज तुमच्या ओढ्यातनं घातली," तो इंजिनाला सांगतो,
"दोनदा."

वसाहतीत ठकूआत्ती उंबऱ्यात बसलेली.
डब्यात बोट घालते, नाकाशी नेते, काही बोलत नाही.
इथली माती काळी, उसाला चांगली,
भिंतीला लावली की दुसऱ्या दिवशी भेगाळते.
"लोभी हाय," आत्ती म्हणते, "पाणी सोडत न्हाय."
लाल माती ती जुन्या लुगड्याच्या फडक्यातनं गाळते,
बाभळीचा डिंक रात्रीच भिजत घातलेला.

भिंत सिमेंटची. तिच्यावर निळ्या ऑइलपेंटनं
घर क्र. ४१.
आत्ती नंबर पुसत नाही,
ओढा कातळाला घालतो तसा वळसा घालून पुढं जाते.
आधी एक बोट, तो ओढा.
मग तीन बोटं जोडून आडवी, ते सडे.
अंगठा टेकवला की म्हशींचं गोठण.
शेवटी तांदळाच्या पिठाची टिंबं,
थळावरचे धोंडे, जांभळीखालचे, एकेका माणसाचा एकेक:
"ह्यो धाकलू. ह्यो जानू.
ही जानूची पयली बायको,
नाव कुणी इचारलं न्हाय, पर टिंब हाय."

मागच्या साली टॅब घेऊन एक पोरगा आला, घरकुलाच्या सर्व्हेला.
"हे डिझाईन कसलं, मावशी?"
"उतारा हाय."
"कशाचा?"
"जिमिनीचा."
तो हसला. फोटो काढला, रकाना भरला: भिंत, पक्की.
म्हणजे आंबेथळ आता सरकारी कॉम्प्युटरात आहे कुठंतरी,
ओढ्यासकट, जानूच्या पहिल्या बायकोसकट,
पक्क्या भिंतींच्या यादीत.

बिरू म्हणतो, लग्नाआधी टाईल्स लावू,
पुसायला सोप्या.
आत्ती म्हणते, "मला पुसायचं कुठं हाय?"
आणि तरी आषाढात पश्चिमेची झड लागते, सगळं ओघळतं,
उंबऱ्यापर्यंत लाल पाणी.
ती खराट्यानं ते अंगणात लोटते, काळ्या मातीत,
कुरकुर न करता.

यंदा बाबा नाहीत.
फाल्गुनात गेले, उसाच्या बांधाकडेला, मोटर चालू करायला म्हणून.
त्यांचा धोंडा पिठाच्या पोत्यात गुंडाळून फळीवर आहे;
थळावर न्यायला अर्ज केलाय,
अर्जात प्रयोजन लिहायचं असतं, दोन ओळीत.

आत्तीनं वाटी माझ्यापुढं सरकवली.
"तुझा बा. तू ठेव."
मी त्या गावात जन्मले नाही.
मला ते माहीत आहे ते या भिंतीएवढंच,
बिजागरीपासून खिडकीपर्यंत.
बोट पिठात बुडवलं, जांभळीच्या ओळीशी नेलं,
जानूच्या शेजारी, जागा होती म्हणून.

तिनं माझं मनगट धरलं.
"तिथं नगं. तिथं करवंदीची जाळी हाय,
लहानपणी काट्यात पडला हुता तुझा बा, भ्यायचा.
जरा वर. सावली येती तिथं.
अजून.
हां."

खाली, फरशीलगत, हातभर जागा कोरी राहिली होती.
मी विचारलं, "इथं काय होतं?"
आत्ती वाटी विसळत होती.
"तिथं?" ती म्हणाली, "तिथं भिंत हाय."